मामा तलाव: पाणी, गाळ आणि गावाचा हिशेब

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या पाच जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांहून जास्त जुने तलाव आहेत. सरकारी कागदावर ते 'माजी मालगुजारी तलाव', लोकांच्या तोंडी 'मामा तलाव'. परिसंस्था, धारणक्षमता, सामाईक संपत्ती, परकीय वनस्पती हे पर्यावरणशास्त्रातले शब्द शाळेच्या पुस्तकात कोरडे वाटतात. यातल्या एखाद्या तलावाच्या पाळीवर उभं राहिलं की त्या प्रत्येक शब्दाला दाखवायला काहीतरी समोर असतं.

हे तलाव आपोआप झालेले नाहीत. गोंड राजांच्या काळात, अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी, मुख्यतः कोहळी समाजातल्या जाणकारांनी ते बांधले. जमिनीचा उतार नजरेनं हेरायचा, दोन टेकाडांच्या मधली खोलगट जागा निवडायची आणि खालच्या अंगाला मातीची पाळ घालायची, अशी ही पद्धत. माणसानं बांधलेली वस्तू असूनही तिच्यात मासे, कमळ, देवधान (रानटी भात), बदकं आणि सारस येऊन राहिले. एवढी वर्षं माणूस आणि इतर जीव तिथे एकत्र नांदले, म्हणून 'निसर्ग म्हणजे जिथे माणूस नाही ती जागा' ही समजूत पूर्व विदर्भात टिकत नाही.

तलावाचे भाग आधी ओळखून घेऊ. पाळ म्हणजे मातीचा बांध. सलंग म्हणजे जास्तीचं पाणी निघून जाण्याची वाट, म्हणजे सांडवा. ती पाळीच्या एका टोकाला, शक्यतो कठीण जमिनीवर किंवा खडकावर असते. तुडूम म्हणजे पाणी सोडण्याची जागा. जुन्या तुडुमाला पायऱ्यांसारखी एकाखाली एक भोकं असतात. वरचं बूच आधी काढायचं, पाणी उतरलं की खालचं. त्यामुळे वरचं कोमट, निवळ पाणी बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, जातं आणि पाटावर एकदम जोर येत नाही. तुडुमापासून पाट निघतात आणि धानाच्या बांध्यांपर्यंत जातात. यातला एक भाग बिघडला की बाकीच्यांवर ताण येतो. परिसंस्थेचंही तसंच असतं, फक्त तिचे भाग असे उघड दिसत नाहीत.

पाणी किती आणि वाटेकरी किती

धारणक्षमता म्हणजे एखादी जागा स्वतः न मोडता किती जणांचा भार उचलू शकते त्याचं माप. एक उदाहरण मांडून बघू.

समजा तलाव १० हेक्टरचा आहे आणि तुडुंब भरल्यावर सरासरी खोली दीड मीटर. म्हणजे साठा दीड लाख घनमीटर. एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरवर पडला की १० घनमीटर पाणी होतं. वर्षाला १,३०० मिलिमीटर पाऊस धरला आणि त्यातला पाव हिस्सा वाहून तलावात आला, तर वरच्या रानातल्या एका हेक्टरातून ३,२५० घनमीटर मिळतं. म्हणजे तलाव भरायला साधारण ४६ हेक्टर पाणलोट लागतं. इथे लोकांचा एक गैरसमज असतो. वरचं जंगल तुटलं की तलावात पाणी कमी येतं असं त्यांना वाटतं. बहुधा उलट होतं. पावसाळ्यात पाणी जास्त येतं आणि धाडकन येतं, पण सोबत माती घेऊन येतं. दिवाळीपर्यंत ओढ्यातून झिरपत राहणारी बारीक धार मात्र बंद होते.

आता खर्चाची बाजू. हे तलाव मुळात धान वाचवण्यासाठी आहेत, धान पोसण्यासाठी नाहीत. रोवणी पावसावर होते. पोळ्यानंतर, धान निसवायच्या (लोंब्या बाहेर पडायच्या) सुमारास पाऊस दडी मारतो तेव्हा तलाव उघडायचा. एका पाण्याला ७५ मिलिमीटर धरले तर बांधीत हेक्टरी ७५० घनमीटर पोचायला हवं. मातीच्या पाटात वाटेत ३० टक्के मुरतं, म्हणून तुडुमातून सोडावं लागतं सुमारे १,०७०. चाळीस हेक्टरला दोन पाणी दिलं की ८६ हजार घनमीटर गेले. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत दिवसाला साडेचार मिलिमीटर वाफ होऊन जाते असं धरू. तलाव आकसत जातो म्हणून सरासरी पसारा साडेसात हेक्टर धरला, तरी ४५ हजार उडाले. उरले १९ हजार. त्यात गुरांचं पिणं, मासळी, खालच्या विहिरींकडे झिरपणारं पाणी आणि पुढचा सगळा उन्हाळा.

आता यात उन्हाळी धान घालून बघा. त्याला हेक्टरी १२ ते १५ हजार घनमीटर पाणी लागतं. उरलेल्या १९ हजारांत दीड हेक्टरही नीट होत नाही. दहा हेक्टर उन्हाळी धान म्हणजे जवळपास अख्खा तलाव. पाळीवर मोटारी लावून चार-पाच जणांनी उन्हाळी धान घेतला की मार्चमध्ये तळ उघडा पडतो. त्या वेळी 'पाऊस कमी झाला' असं म्हटलं जातं. पाऊस पुरेसा झालेला असतो, वाटेकरी बदललेला असतो.

आणि गाळ. तळावर सगळीकडे अर्धा मीटर गाळ बसला तर साठा ५० हजार घनमीटरनं घटतो. एका पाण्याला ४० हेक्टरसाठी ४३ हजार लागतात. म्हणजे निसवणीच्या वेळचं एक अख्खं पाणी त्या गाळानं खाल्लं.

पाण्याखालचं रान

मामा तलावाच्या दुरुस्तीत सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते पाणवनस्पतींकडे. तलावाच्या आत खोलीप्रमाणे पट्टे असतात. अगदी काठाला, वर्षातले काही महिनेच बुडणाऱ्या जागेत, गवतं, लव्हाळे आणि देवधान. त्याच्या आत पानं पाण्यावर तरंगणारी कमळं आणि कुमुदिनी. आणखी आत पूर्ण बुडून राहणाऱ्या हायड्रिला, सेराटोफायलम, व्हॅलिस्नेरियासारख्या वनस्पती. मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजातल्या बायांना या प्रत्येकीची नावं ठाऊक असतात आणि ती गावागणिक बदलतात.

या बुडालेल्या वनस्पती चार कामं करतात. मुळांनी गाळ धरून ठेवतात, त्यामुळे वाऱ्यानं पाणी ढवळलं तरी गढूळ होत नाही. पाण्यातलं खत, म्हणजे बांध्यांतून आलेलं नत्र आणि स्फुरद, स्वतः शोषून घेतात. माशांची अंडी त्यांच्या पानांना चिकटतात आणि पिल्लं त्यांच्या गर्दीत लपतात. पाण्यातल्या गोगलगायी आणि किडे त्यांच्यावरच जगतात, आणि मासे व बदकं त्या किड्यांवर. सारसाचं घरटंही उथळ पाण्यात लव्हाळ्या-गवताचा ढीग रचूनच होतं. काठ खरवडून सरळसोट केला तर त्याला घरटं मांडायला जागाच उरत नाही.

उथळ तलावाच्या दोन अवस्था असतात आणि दोन्ही आपापल्या जागी पक्क्या असतात. पहिलीत पाणी निवळ, म्हणून तळापर्यंत उजेड, म्हणून वनस्पती, म्हणून पाणी आणखी निवळ. दुसरीत पाणी गढूळ किंवा शेवाळानं हिरवं, म्हणून उजेड नाही, म्हणून वनस्पती नाहीत, म्हणून गाळ मोकळा, म्हणून पाणी आणखी गढूळ. स्वतःलाच बळ देत राहणाऱ्या अशा फेऱ्याला शास्त्रात पुनर्भरण म्हणतात, पण विहिरीच्या पुनर्भरणाशी त्याचा घोटाळा होतो म्हणून इथे 'फेरा' म्हणू. एका फेऱ्यातून दुसऱ्यात तलाव हळूहळू सरकत नाही. बरीच वर्षं काही झालेलं दिसत नाही आणि एका मोसमात तो उलटतो. परत आणायला, बिघडवायला लागलं त्याहून कितीतरी जास्त कष्ट पडतात.

आपला तलाव कोणत्या फेऱ्यात आहे हे जेवणाच्या थाळीनं कळतं. साधारण २० सेंटिमीटर रुंदीची पांढरी इनॅमलची थाळी घ्या. मध्ये भोक पाडून दोरी ओवा, खाली दगड बांधा, दोरीवर दर १० सेंटिमीटरला गाठ मारा. दुपारी अकरा ते दोनच्या दरम्यान, वारा नसताना, डोंग्यातून सावलीच्या बाजूनं थाळी सोडा. ती दिसेनाशी झाली की गाठी मोजा. परत वर ओढा आणि दिसायला लागली की पुन्हा मोजा. दोन्हींची सरासरी घ्या. त्या आकड्याच्या साधारण दुपटीपर्यंत बुडालेल्या वनस्पतींना पुरेल एवढा उजेड पोचतो. थाळी ८० सेंटिमीटरला गेली तर दीड मीटर खोलीवरही वनस्पती जगेल. २० सेंटिमीटरलाच गेली तर गुडघाभर पाण्याच्या पलीकडे काही रुजणार नाही.

हा फेरा उलटतो कशानं? एक कारण म्हणजे ग्रास कार्प. चायनीज कार्पांतला हा मासा लवकर वाढतो, बाजारात विकतो, पण त्याचं खाणंच पाणवनस्पती. दुसरं म्हणजे अख्ख्या तळावर चाललेलं गाळ काढायचं मशीन. तिसरं सांडपाणी आणि खत. त्यानं शेवाळ आणि पुढे जलपर्णी येते. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, पण रात्री स्वतःच तो वापरतं. म्हणून दोन-तीन दिवस आभाळ राहिलं की पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकताना दिसतात. ते दिसले की त्या दिवशी खाद्य, शेण, खत काहीही टाकू नये आणि जमेल तितकं नवं पाणी फवाऱ्यासारखं आत सोडावं.

चौथं बेशरम. ही झुडपी वनस्पती उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतली. गुरं खात नाहीत, पुरातही मरत नाही, दुष्काळातही नाही, आणि कापून टाकलेली कांडी ओल्या मातीला लागली की पुन्हा फुटते. म्हणून विळ्यानं कापणं म्हणजे तिची लागवड करणं. मे महिन्यात, काठ कोरडा असताना, मुळासकट उपटायची, पाळीच्या पलीकडे नेऊन कडक वाळवायची. पावसाळा संपल्यावर पुन्हा एक फेरी मारून उगवलेले कोंब काढायचे. दुसरी फेरी चुकली की तीन वर्षांत पूर्वीसारखंच.

मासळीचाही एक हिशेब समजून घ्यायला हवा. कटला, रोहू, मृगळ हे मासे बहुतेक साचलेल्या पाण्यात वीण करत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून दरवर्षी बोटुकली विकत आणून सोडावी लागते. मरळ, शिंगूर आणि बारक्या देशी माशांना ते लागत नाही. पहिल्या पावसात ते उथळ पाण्याकडे, बांध्यांकडे चढतात आणि तिथेच अंडी देतात. त्या दिवसांत सलंगेवर आणि ओढ्याच्या तोंडाशी जाळं लावलं की गाभोळीची मासळी सापडते आणि पुढच्या वर्षीची पिढी जाते. सुरुवातीचे सहा ते आठ आठवडे ती दोन तोंडं मोकळी ठेवली, तर विकत काही न आणता मासळी वाढते. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढीवर समाजाच्या सोबतीनं नेमकं हेच काम केलं आहे: बेशरम काढणं, देशी पाणवनस्पती लावणं आणि देशी मासळीला जागा करून देणं. विदर्भाबाहेरच्या पर्यावरणाच्या अभ्यासकांनीही ते बघायला हवं.

सगळ्यांचं ते कुणाचं?

अमेरिकी जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडलं, की सामाईक कुरणावर प्रत्येक जण आपलं एक जनावर वाढवत जातो, फायदा त्याचा एकट्याचा आणि तोटा सगळ्यांचा, म्हणून कुरण उजाड होणारच. त्यावर त्यांचे उपाय दोनच, खासगी मालकी किंवा सरकारी ताबा. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातले सामाईक पाट, कुरणं, जंगलं अभ्यासून दाखवलं, की नियम ठरवणारे आणि ते पाळणारे एकच असले तर सामाईक गोष्ट शेकडो वर्षं टिकते. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हार्डिन यांचं कुरण बिनमालकाचं होतं, सामाईक नव्हतंच. हा फरक गावात रोज दिसतो.

मामा तलावांनी मालकीचे दोन्ही प्रकार भोगले आहेत. इंग्रजांच्या काळात, १८६० च्या दशकातल्या जमाबंदीत, गावाचा सारा भरणारा मालगुजार हाच मालक ठरला. तो तलाव राखायचा, पण राबायची ती गावातली माणसं, आणि त्यात बेगारही होती. त्या काळाचे गोडवे गायचं कारण नाही. पुढे १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली. हा भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता. तलाव सरकारजमा झाले, पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आले. लोकांचे वापराचे हक्क निस्तार पत्रकात नोंदले गेले, पण पाळीवर माती टाकायची कुणी, तुडूम उघडायचं कुणी, याची वहिवाट कुणीच नोंदली नाही. काम सांगणारा गेला आणि काम ठरवणारी सभा त्याच्या जागी आली नाही. बेशरम आणि गाळ आला तो या रिकाम्या जागेत.

ही जागा भरता येते, याचा पुरावा गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात आहे. मेंढा (लेखा) गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गाव त्याच्या कितीतरी आधीपासून सर्वसहमतीनं निर्णय घेत होतं, अभ्यासगट चालवत होतं. हक्काचा कागद नंतर आला, सवय आधी होती. त्याच कायद्यात कलम ३(१)(ख) मध्ये निस्तार आणि ३(१)(घ) मध्ये पाणवठ्यातली मासळी व इतर उपज यांवरचे सामूहिक हक्क आहेत. तलाव वनक्षेत्रात येत असेल तर ग्रामसभेनं हा दावा जरूर करावा.

तलावाचे नियम लांबलचक नसावेत. पाणी पाटाच्या शेपटाकडच्या बांधीला आधी, तुडुमाजवळच्या बांधीला शेवटी. उलट केलं की शेपटापर्यंत पाणी कधीच पोचत नाही. तुडूम एकाच माणसानं उघडायचं आणि त्याला मोबदला धानात किंवा पैशात द्यायचाच. डोहाच्या काठाला एक खुणेचा दगड रोवायचा आणि पाणी तिथे उतरलं की मोटारी बंद. पहिल्या चुकीला समज, दुसरीला लहान दंड, तिसरीला मोठा. पहिल्याच चुकीला जबर दंड लावला की तो कुणी वसूल करत नाही आणि नियम मरतो. ठराव होतो त्या सभेत ढीवर बाया बसलेल्या असाव्यात. पाण्यात सगळ्यात जास्त वेळ त्या असतात आणि मासेमारीच्या ठेक्याच्या कागदावर नाव बहुतेक पुरुषांचं असतं.

गाळ काढायचा तर

एक हेक्टरवरचा ३० सेंटिमीटर गाळ म्हणजे ३,००० घनमीटर, म्हणजे सुमारे १,०६० ब्रास. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एक ब्रास बसतो. वरच्या उदाहरणातला सगळा गाळ काढायचा तर सतरा-अठरा हजार ट्रॉल्या होतात. एका उन्हाळ्यात ते होत नाही आणि करूही नये. तलावाचे तीन भाग पाडून दरवर्षी एकच भाग घ्यावा. उरलेल्या दोन भागांत कमळाचे कंद, वनस्पतींचं बी आणि मातीत पुरून राहिलेले जीव शाबूत राहतात आणि खोदलेल्या भागात पुन्हा पसरतात.

खोदण्याआधी दर २० मीटरला सळई खुपसून गाळाची जाडी मोजा. मऊ गाळाखाली घट्ट चिकणमाती लागते. तीच तलावाची गळती रोखते. ती फोडून मुरूम उघडा पडला की तलाव खोल होतो आणि पाणी ठरत नाही. पाळीच्या पायथ्यापासून निदान १० मीटर जागा सोडा, नाहीतर पाळीचा टेकूच निघून जातो. कडा उभ्या कापू नका. पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खोल, एवढा तरी सौम्य उतार हवा. गुरं उतरतात तीही तिथूनच आणि देवधान उगवतो तोही तिथेच.

गाळ शेतात टाकताना सिहार, बरडी अशा हलक्या जमिनी आधी घ्या. कन्हारात तो टाकून उपयोग नाही, तिथे आधीच चिकणमाती जास्त आहे. पाच सेंटिमीटरचा थर पुरतो. एकरी साधारण ७० ट्रॉल्या. त्याहून जाड थर टाकला तर पहिल्या वर्षी बांधी चिबडते.

पाळ फुटण्याचं कारण बहुतेक वेळा सलंगेत असतं. जास्त पाणी धरायला सलंगेवर रेतीची पोती रचली की पुराचं पाणी पाळीवरून वाहतं, मागचा उतार खात जातं आणि काही तासांत पाळ कापली जाते. सलंगेची पातळी ग्रामसभेच्या ठरावाशिवाय कुणी बदलू नये, वरही नाही आणि तलावाच्या पोटात धान लावणाऱ्यांसाठी खालीही नाही. पाळीच्या मागच्या बाजूनं पाणी पाझरताना दिसलं तर ओंजळीत घेऊन बघा. निवळ असेल तर नजर ठेवा. गढूळ असेल तर आतून माती वाहते आहे आणि वेळ कमी आहे. तिथे बाहेरून चिकणमाती थापू नका. पाणी कोंडून शेजारून फोडून निघतं. आधी रेती, तिच्यावर गिट्टी, तिच्यावर दगड असा थर द्या. पाणी निघू द्यायचं, माती अडवायची. पाळीवर मोठी झाडं नव्यानं लावू नयेत, मेल्यावर मुळं कुजून बोगदे पडतात. वाळा आणि हरळी चांगली.

पाणवनस्पतींची लागवड पहिला पाऊस झाल्यावर. मे महिन्यात काठ नांगरून ठेवलेला असला तर मुळं लवकर धरतात. जुलैमध्ये, पाणी गुडघ्याएवढं आलं की शेजारच्या चांगल्या तलावातून बुडालेल्या वनस्पतींच्या वीतभर कांड्या आणाव्यात. आणताना त्यांत बेशरम किंवा जलपर्णीचा तुकडा नाही ना, हे एकेक कांडी बघून ठरवावं. दहा-बारा कांड्यांची जुडी, बुडाला ओल्या मातीचा गोळा, आणि हातभर अंतरानं तळात रोवायची. थाळी जिथे दिसेनाशी होते त्याहून खोल जाऊ नका. गुरं आणि ओढजाळं दोन महिने त्या तुकड्यापासून दूर ठेवा.

वहीत चारच रकाने पुरतात: तारीख, थाळीचा आकडा, डोहाची खोली, सापडलेली मासळी. शेवटच्या रकान्यासाठी गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या ढीवर बाईला आधी विचारून घ्या, तिच्या लहानपणी कोणत्या महिन्यात कोणती मासळी लागायची. आज विशीत असलेल्या पोराला कटला-रोहूचा आणि बेशरमीचा तलाव हाच तलाव वाटतो, कारण त्यानं दुसरा पाहिलेलाच नाही. तिची यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पहिल्या वर्षी थाळीचा आकडा फारसा हलणार नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या आसपास मोजलेला आकडा बघा.